पायाचे माप

पहाटे साडेपाचच्या सुमारास वडगावातून येळ्ळूरच्या रस्त्याला लागले, की अंधारात आधी पावलांचे आवाज ऐकू येतात आणि मागाहून माणसे दिसू लागतात. दोन्ही अंगांना भाताचे शिवार, समोर राजहंसगडाची काळसर रेघ आणि रस्त्यावरून धावणारी अठरा-वीस वर्षांची मुले. यांतील बरीचशी सैन्यभरतीची तयारी करणारी असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे सोळाशे मीटरची दौड हा शब्दप्रयोग इथल्या घराघरांत शाळेच्या परीक्षेइतकाच परिचयाचा आहे.

कान देऊन ऐकले तर या आवाजांतही भेद जाणवतो. अनवाणी पावलाची थाप मऊ आणि जलद असते. कॅनव्हासच्या पातळ बुटाचा आवाज चपटा येतो. जाड फेसाळ तळाचा महागडा बूट मात्र टाचेवर दबका ठोका देऊन पुढे जातो. या तिसऱ्या प्रकारच्या बुटाच्या पोटात अलीकडे आणखी एक वस्तू येऊन बसली आहे. तळव्याच्या उंचसखलपणाप्रमाणे घडवलेली, टाचेपाशी वाटीसारखी खोलगट आणि कमानीखाली उचललेली अशी ती पट्टी असते. मराठीत तिला सर्वमान्य नाव अद्याप मिळालेले नाही. डॉक्टर तिला ऑर्थॉटिक म्हणतात, दुकानदार इनसोल म्हणतो आणि मुले नुसतेच ‘सोल’ म्हणतात.

वरवर पाहता हा विषय वैद्यकाचा किंवा फार तर क्रीडासाहित्याच्या व्यापाराचा वाटेल. परंतु या पट्टीच्या मागे जात राहिले, तर आपण एका जुन्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. पायताण पायाच्या मापाने करायचे, की पाय पायताणाच्या मापात बसवायचा? आपल्या या सीमाभागाने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे अनुभवली आहेत. म्हणूनच तो इतिहास इथूनच सांगणे उचित होईल.

आरंभ एका धावपटूपासून करू. २२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिम्पिकची मॅरेथॉन झाली. तिचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिम्पिकच्या इतिहासातील ती सर्वांत लांब मॅरेथॉन होय. फिनलंडचे हान्नेस कोलेह्माइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिले आले. त्यांच्यानंतर सुमारे अठरा मिनिटांनी, एकोणिसाव्या क्रमांकावर, बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी शर्यत पूर्ण केली. या पराक्रमाची मुळे आदल्या वर्षीच्या एका प्रसंगात आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना अध्यक्ष या नात्याने सर दोराबजी टाटा उपस्थित होते. शेतकरी घरांतील मुले अनवाणी धावत होती. शास्त्रशुद्ध शिक्षण नाही, आखीव मैदानाची सवय नाही, तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांच्या जवळपास येत होत्या. हे पाहून दोराबजींच्या मनात भारतीय चमू ऑलिम्पिकला पाठविण्याचा विचार आला आणि तो त्यांनी तडीस नेला.

ऑलिम्पिकच्या नोंदीत धावपटूची वेळ राहते, क्रमांक राहतो. पायाची नोंद राहत नाही. परंतु दोराबजींचे लक्ष ज्या दृश्याने वेधून घेतले, त्यात पाय हाच मध्यवर्ती होता. त्या काळी अनवाणी धावणे हे केवळ दारिद्र्याचे लक्षण नव्हते. नांगरटीच्या ढेकळांतून आणि बांधाच्या काट्याकुट्यांतून चाललेल्या तळव्याची कातडी जाड झालेली असे, बोटे एकमेकांपासून मोकळी असत आणि पाऊल जमिनीचा अंदाज स्वतःच घेत असे. घरी वहाणा होत्याच. पण पळायची वेळ आली, की त्या काढून हातात घ्यायच्या, ही आपल्याकडची रीत होती. वहाण चालण्यासाठी असते, धावण्यासाठी नव्हे, हे तिच्या घडणीतच लिहिलेले आहे.

ही घडण समजून घेणे आवश्यक आहे. जिला जग कोल्हापुरी चप्पल म्हणते, ती केवळ कोल्हापुरात होत नाही. निपाणी, चिकोडी, रायबाग आणि विशेषतः अथणी या परिसरातील कारागीर ती पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे इकडचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे तिकडचे. ज्या सीमेवरून साठ-सत्तर वर्षे वाद चालला, त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पायताण मात्र एकच आहे, हे सरकारी कागदानेच मान्य केले. मराठी बोलणारा चर्मकार आणि कन्नड बोलणारा समगार एकाच पद्धतीने रापी धरतात.

या चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावले जाते. तळाचे थर एकमेकांवर बसवून कातड्याच्याच वादीने शिवले जातात. खिळा वापरीत नाहीत. बाजूचे कान, वरचा पट्टा आणि अंगठा हे सर्व हाताने बेतलेले असते. युरोपीय बुटासाठी लाकडी फर्मा लागतो आणि बूट त्या फर्म्यावर ताणून घडवला जातो. कोल्हापुरीला तसा फर्मा लागत नाही. तळ सपाट ठेवून काम होते. गिऱ्हाईक समोर असेल, तर त्याचे पाऊल कागदावर किंवा थेट कातड्यावर ठेवून भोवती रेघ ओढायची. एका पायाचा पंजा दुसऱ्याहून रुंद असेल, तर ती रेघ ते सांगतेच.

परंतु माप इथे संपत नाही, किंबहुना इथे ते सुरू होते. नवी चप्पल कडक असते. ती चावते. तिला तेल पाजावे लागते, थोडी थोडी घालून ती वळवावी लागते. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या कातड्याचा गुण असा, की घाम, तेल आणि अंगाचा भार यांनी ते हळूहळू दबते आणि काही आठवड्यांत टाचेचा खळगा, चवड्याचा ठसा आणि पाचही बोटांच्या खुणा त्यावर उमटतात. मग ती चप्पल त्या एकाच माणसाची होते. दुसऱ्याने चुकून घातली तर पायाला लगेच कळते. देवळाबाहेरच्या ढिगाऱ्यात अंधारातही आपली चप्पल पाय घालून ओळखता येते, ती यामुळेच. आज यंत्राने पाऊल मोजून जे घडवून देतात, ते पायाच्या आकाराचे बैठकस्थान आपल्या पूर्वजांच्या चपलेत चालता चालता तयार होत असे.

हे ज्ञान ज्यांच्या हाती होते, त्यांना समाजाने काय दिले, हे सांगितल्याशिवाय या इतिहासाला पूर्णता येणार नाही. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण सहज वापरतो. तिचा रोख वहाणेवर नसून माणसावर असतो, हे आपल्याला ठाऊक असते. कातडे कमावणारे ढोर आणि वहाणा शिवणारे चर्मकार गावाच्या कडेला राहिले. गावातील प्रत्येकाच्या पायाचा दोष त्यांना माहीत होता. कोणाची टाच आत झिजते, कोणाच्या करंगळीखाली कुरूप आहे, कोण एका पायावर अधिक भार देतो, हे ते जुन्या तळाकडे पाहूनच सांगत. परंतु या माहितीला विद्या म्हणण्याचे औदार्य आपल्या ग्रंथपरंपरेने दाखवले नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथील फॅशनच्या सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने याच घडणीच्या चपला मूळ न सांगता मांडल्या, तेव्हा आपल्याकडे संताप उसळला आणि पुढे त्या कंपनीला भारतीय परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. संताप योग्यच होता. पण ते ऋण आपण स्वतः कधी मान्य केले होते, हाही प्रश्न त्या वेळी विचारायला हवा होता.

कारागिराच्या रेघेची जागा पुढे आकड्याने घेतली. इंग्रजी पद्धतीत बुटाच्या एका क्रमांकात आणि पुढच्या क्रमांकात एक-तृतीयांश इंचाचे अंतर असते. हे अंतर मुळात जवाच्या दाण्याच्या लांबीवरून ठरले. आपल्या शिल्पशास्त्रातही आठ यवांचे एक अंगुल मोजीत, म्हणजे दाणा दोन्हीकडे तोच. फरक उपयोगात पडला. आपल्याकडे अंगुल हे पुष्कळदा ज्याचे काम त्याच्याच बोटाने मोजले जाई, तर कारखान्याचा आकडा कोणाचाच नसतो. १९३० च्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर उभे राहिले आणि स्वस्त, टिकाऊ, क्रमांकवार बूट देशभर पोहोचू लागले. याचे मोल कमी लेखता येणार नाही. लाखो अनवाणी मुलांच्या पायांत त्यामुळे प्रथमच काही आले. शाळेच्या कवायतीसाठी पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट माझ्या पिढीच्या स्मरणात आहेत. पण त्याबरोबर एक नवी सवय लागली. दुकानात आपण पाय सांगत नाही, आकडा सांगतो. सात नंबर घट्ट आणि आठ नंबर सैल झाला, तर दोष पायाचा मानला जातो.

धावण्याचे बूट या आकडेशाहीचेच अपत्य. अनवाणी धावणे मात्र एकदम नाहीसे झाले नाही. १९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकले. ऐनवेळी मिळालेले बूट पायाला बसेनात म्हणून त्यांनी ते घातले नाहीत, असे सांगितले जाते. चार वर्षांनी टोकियोत तेच बिकिला बूट घालून पुन्हा पहिले आले. या दोन विजयांचा अर्थ बुटाच्या बाजूने किंवा विरोधात लावण्यात पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मला त्यातून इतकेच दिसते, की न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी पाय बरा. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत सामान्य माणसे मोठ्या संख्येने रस्त्यावर धावू लागली आणि १९७५ च्या सुमारास बुटाच्या तळात ईव्हीए नावाचा हलका, फेसाळ पदार्थ आला. टाचा उंच आणि मऊ झाल्या. मग पाऊल आत कलणाऱ्यांसाठी आतली बाजू कडक केलेले बूट निघाले. म्हणजे आकड्यांत आता प्रकारांची भर पडली. तरीही पाऊल प्रकारात पुरते बसेना, आणि त्या उरलेल्या जागेत इनसोल शिरला.

इनसोलचा स्वतःचा वंश मात्र धावण्याहून जुना आहे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे शल्यवैद्य रॉयल व्हिटमन यांनी सपाट तळव्यांसाठी पायाच्या साच्यावरून घडवलेली धातूची पट्टी पुरस्कारली. १९०४ मध्ये विल्यम शॉल यांनी कमानीला आधार देणारी तयार वस्तू बाजारात आणली. एकीकडे प्रत्येकाच्या साच्यावरून घडवलेली पट्टी, दुसरीकडे सर्वांसाठी एकच तयार पट्टी, ही आजची फारकत तेव्हाच झाली होती. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले आणि १९५५ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. अवयवांना आधार देणाऱ्या साधनांचे शास्त्रीय शिक्षण आणि निर्मिती मराठी मुलखात रुजली ती अशा संस्थांतून.

परंतु तळव्याखालच्या पट्टीचा सर्वांत मोठा धडा दक्षिणेकडून आला, आणि तो धावणाऱ्यांकडून नव्हे, तर ज्यांना पायाची जाणीवच उरली नव्हती अशा माणसांकडून. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांच्या तळव्यांवर भरून न येणाऱ्या जखमा होत. त्या रोगाने मांस सडल्यामुळे होतात, असा समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की कारण वेगळे आहे. संवेदना गेलेल्या पायाला वेदना होत नाही. त्यामुळे तो एकाच जागी दाब सोसत हजारो पावले टाकीत राहतो आणि तिथेच फाटतो. धडधाकट माणूस दुखू लागताच नकळत चाल बदलतो. तीच सोय या रोग्यांना नव्हती. मग उपाय चपलेत शोधण्यात आला. सूक्ष्म हवेच्या पुटकुळ्यांनी भरलेल्या मऊ रबराचा तळ घालून दाब सर्व तळव्यावर वाटून द्यायचा. या प्रयोगांत डॉक्टरांच्या बरोबरीने चर्मकारही होते. असे रबर घातलेल्या साध्या चपलांनी भारतभर असंख्य पाय वाचले. मधुमेहाच्या रोग्यांना आज जी पादत्राणे सुचवतात, त्यांमागे हेच तत्त्व आहे.

ब्रँड यांच्या अनुभवाचे तात्पर्य असे, की वेदना ही पायाची मोजपट्टी आहे. ती हरवली, तर बाहेरून माप द्यावे लागते. ती शाबूत असेल, तर तिचे ऐकावे लागते. धावणाऱ्यांच्या इनसोलविषयी गेल्या काही दशकांत जो वाद झाला, तो फिरून याच ठिकाणी आला आहे. १९७० नंतर बराच काळ असे मानले जाई, की इनसोल हा वाकडे पाऊल सरळ करतो, हाडांची रांग नीट लावतो. २००१ साली कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी या समजुतीला आव्हान दिले. इनसोलने सांगाड्याची हालचाल फारच थोडी बदलते, ती व्यक्तिगणिक निराळी असते आणि पायाला जे सुखावह वाटते तेच पुष्कळदा हिताचे असते, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. निरनिराळ्या देशांच्या सैन्यांतील नवशिक्यांवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत इनसोलमुळे दुखापती कमी झाल्या, काहींत काहीच फरक पडला नाही. म्हणून ज्याला काही दुखत नाही, त्याने केवळ तळवा सपाट आहे या भीतीने महागडी पट्टी घेण्याचे कारण नाही. टाच दुखत असेल, पोटरीच्या हाडाशी कळ येत असेल, तर मात्र जाणत्याच्या सल्ल्याने ती उपयोगी पडू शकते.

उपयोगी पडू शकते, पण नीट बसवली तर. इथे शास्त्र संपते आणि कारागिरी सुरू होते. बुटात मुळातच एक पातळ गादी असते. ती प्रथम काढावी लागते. ती डिंकाने पक्की चिकटवलेली असेल, तर तो बूट या कामाचा नाही. काढलेली गादी नव्या पट्टीवर ठेवून बोटांकडच्या बाजूची रेघ ओढायची आणि तिथेच, अगदी थोडे थोडे, कापायचे. टाचेकडून कापणे ही घोडचूक, कारण तिथली वाटी आणि कमान यांचे परस्परांतील अंतर हाच त्या पट्टीचा प्राण असतो. पट्टी टाचेच्या कडक भिंतीला भिडून बसली पाहिजे. खाली पोकळी राहता कामा नये आणि कडा वर वळता कामा नये. पाय थोडा उचलला जातो, म्हणून टाच निसटत नाही ना आणि बोटांच्या पुढे अंगठ्याएवढी जागा उरते ना, हे उभे राहून पाहायचे. ज्या बुटाची आतली बाजू आधीच कडक आहे, त्यात कलणारे पाऊल सावरणारी आणखी पट्टी घालणे म्हणजे एका औषधाचे दोन डोस घेणे होय. आणि पहिल्या दिवशी धावायचे नाही. तासभर चालायचे, दुसऱ्या दिवशी थोडे अधिक, मग हलकी दौड. नव्या कोल्हापुरीला वळवतात, अगदी तसेच.

गेल्या पावसाळ्यानंतरचा एक प्रसंग आठवतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा भरतीची तयारी करीत होता. टाचेच्या दुखण्यावर म्हणून शहरातल्या एका दुकानातून त्याने बरेच पैसे मोजून इनसोल आणले. दुकानदाराने क्रमांक विचारला आणि पाकीट हातात ठेवले. आठ दिवसांत दुखणे वाढले, शिवाय टाचेला फोड आले. चौकातल्या आमच्या चर्मकार काकांनी बूट हातात घेतला, आत बोट घालून पाहिले आणि हसले. मूळची गादी न काढताच वर नवी पट्टी कोंबली होती. ‘एकावर एक दोन गाद्या घातल्यावर टाच भायेर येणारच की रे बाळा,’ ते म्हणाले. त्यांनी जुनी गादी उपसून काढली, तिच्यावरून रेघ ओढली, रापीने बोटांकडची कड उतरवली आणि कानशीने घासून गुळगुळीत केली. पाच-सात मिनिटांचे काम. ऑर्थॉटिक हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. पण जुन्या बुटाचा तळ उलटा करून तो कुठे झिजला आहे, हे त्यांनी सर्वांत आधी पाहिले होते.

या इनसोलने त्या मुलाचे सर्व प्रश्न सुटतील असे नाही. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत बूट बाहेर काढावे लागतात आणि सपाट तळवा तिथे नापसंतीचे कारण ठरू शकतो. कोणतीही पट्टी तळव्याची जन्मजात घडण बदलत नाही. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात अनवाणी धावणाऱ्या मुलांचे तळवे कोणी तपासले नव्हते. ती धावतात कशी, एवढेच पाहिले गेले. आज परीक्षा अधिक काटेकोर झाली आहे आणि तिची काही कारणेही आहेत. पण जो मुलगा पहाटे अंधारात उठून धावतो, त्याला आपल्या पायाची लाज वाटू लागावी, हे कोणत्याही परीक्षेचे फलित असू नये.

काकांनी पैसे घेतले नाहीत. बूट त्याच्या पायात घातला, नाडी स्वतः बांधली आणि म्हणाले, ‘त्या खांबापर्यंत पळून ये, आणि कुठं लागतंय ते सांग.’ मुलगा गेला, परत आला, करंगळीकडे किंचित लागते म्हणाला. काकांनी पुन्हा रापी उचलली.